ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना इंग्रजीची सक्ती का?

आपल्या मोर्शीत आमच्या घराशेजारी राहणारी एक मुलगी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. शाळेत तिला भाषाविषयात सवलत होती. पुढे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तिने बी.ए.ला नाव घातले. इतिहास निघाला, समाजशास्त्र तर चांगल्या गुणांनी निघाले; इंग्रजी मात्र तीनदा राहिले. आता ती हंगामात संत्र्यांचे क्रेट भरायला जाते. माझी आजी म्हणाली, "जिले मराठीच आयकू येत नाही, तिले इंग्रजी कायले पाह्यजे बापा?" आजी शाळेत गेलेली नाही. पण तिच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

विद्यार्थीमित्रहो, इंग्रजीशी माझेही फारसे सख्य नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तरी थोडेफार इंग्रजी मला आले ते कानांनी. बाबांना सहीपुरतेच लिहिता येते, पण 'टाइम', 'मोटर', 'डबल सीट' हे शब्द मी पुस्तकाआधी त्यांच्याच तोंडून ऐकले. तिचा हा रस्ताच बंद. तिची पहिली भाषा खुणांची, मराठी ही डोळ्यांनी, मेहनतीने मिळवलेली दुसरी, आणि इंग्रजी तिसरी. परीक्षेत तिला तासाला 20 मिनिटे जादा मिळत. ज्याचा हात सावकाश चालतो त्याला ही मिनिटे मोठा आधार आहेत. पण जो विषय वर्गात तिच्यापर्यंत पोचलाच नाही (शिकवणारे फळ्याकडे तोंड करून बोलत, ओठही दिसत नसत), त्याच्या प्रश्नपत्रिकेकडे तासभर अधिक बघून काय होणार?

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या 17 व्या कलमात जादा वेळ आणि लेखनिक यांच्याबरोबरच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. पहिल्या दोन गोष्टी सर्वांना ठाऊक असतात. तिसरी शाळेच्या फाटकाबाहेर कोणी काढत नाही.

आमचे एक प्राध्यापक म्हणाले, "सूट दिली तर पदवीची किंमत काय राहील?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठात यावरच खटला झाला होता. तिथे कलाशाखेला परकी भाषा सक्तीची. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांनी तिच्याऐवजी दुसरा विषय मागितला. विद्यापीठाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तर भाषणात अशा सवलती मागणाऱ्या, वर्गात झोपणाऱ्या एका मुलीची गोष्ट सांगितली होती. ती मुलगी निव्वळ काल्पनिक निघाली! 1997 साली न्यायालयाने सांगितले की, पर्याय देता येतो की नाही याचा विद्यापीठाने प्राध्यापकांकडून नीट विचार करून घ्यावा. प्राध्यापकांची समिती बसली, तिने नकारच दिला, आणि 1998 मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. म्हणजे त्या मागणीपुरते विद्यार्थी हरले. तरी मला हा खटला महत्त्वाचा वाटतो. तिथे निदान शिकवणारी माणसे एकत्र बसली, त्यांनी विचार केला आणि कारणे दिली. आमच्या शेजारणीला खिडकीवर एवढेच उत्तर मिळाले की, नियमात बसत नाही.

मी फुकटची सूट मागत नाही. इंग्रजी आले तर नोकरीला उपयोग होतो, हे मलाही कळते, आणि ऐकू न येणारी कित्येक मुले इंग्रजी उत्तम शिकतात. ज्यांना शिकायचे त्यांना ते शिकवावेच, पण फळ्याकडे तोंड करून नव्हे. ज्यांना जमत नाही त्यांना तेवढ्याच श्रमाचा दुसरा पेपर द्यावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने 2021 मध्ये भारतीय सांकेतिक भाषा हा माध्यमिक स्तरावर भाषाविषय म्हणून सुरू केला. दहावीला जी भाषा ठरते ती बी.ए.ला का ठरू नये? मी तिच्याकडून चार खुणा शिकायला बसले तेव्हा पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. बोटे, चेहरा, नजर सगळे एकदम सांभाळावे लागते. ही भाषा सोपी आहे असे म्हणणाऱ्याने एक संध्याकाळ आमच्या ओट्यावर यावे.

दिवाळीनंतर तिचा अर्ज मीच लिहून दिला. त्यात 17 वे कलम घातले आहे, आणि नकार द्यायचा असेल तर कारणांसह लेखी द्यावा, अशी विनंतीही केली आहे. अजून उत्तर आलेले नाही.