वैमानिकाचा नकार

हेलिकॉप्टर कोसळल्याची बातमी आली की पहिल्या तासाभरातच टीव्हीच्या पट्टीवर ‘तांत्रिक बिघाडाची शक्यता’ हे शब्द धावू लागतात. अवशेषांपर्यंत अजून कोणी पोचलेलंही नसतं. या शब्दांची मला चीड येते. दोष यंत्राच्या माथी मारला की बाकीचे सगळे मोकळे होतात: हवा बघूनही ‘निघा’ म्हणणारे, दिवसाच्या फेऱ्या मोजणारे, उशीर होतोय म्हणून फोन करणारे. प्रवासाच्या सुरक्षेवरच्या या सदरात एसटी, खासगी बस आणि लोकलबद्दल पुष्कळ लिहून झालं. आज छोट्या हेलिकॉप्टरबद्दल लिहितो आहे, कारण त्यात बसणारे आता फक्त मंत्री आणि उद्योगपती राहिलेले नाहीत. चारधामला निघालेलं साधं मराठी कुटुंबही त्याचं तिकीट काढतं.

१५ जून २०२५. पहाटे साडेपाचच्या सुमारास केदारनाथहून गुप्तकाशीकडे परतणारं बेल ४०७ जातीचं हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळच्या जंगलात कोसळलं. वैमानिकासह सातही जण गेले. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक जोडपं आणि त्यांची दोन वर्षांचीही न झालेली मुलगी त्यांत होती. दरीत ढग उतरलेले होते. त्याआधी १८ ऑक्टोबर २०२२ रोजी याच मार्गावर गरुडचट्टीजवळ असंच बेल ४०७ कोसळलं होतं. तेव्हाही सात बळी, तेव्हाही काही दिसत नव्हतं. अडीच वर्षांच्या अंतरानं तीच दरी, तेच यंत्र आणि तेच ढग. याला केवळ दुर्दैव म्हणायची माझी तयारी नाही.

ती दरी समजून घ्यायला हवी. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद घटते आणि पात्यांना मिळणारा उठावही घटतो. सकाळी जे वजन सहज उचललं जातं, ते ऊन चढल्यावर जड होतं. दरी अरुंद आहे, समोर ढग आला तर मागे वळायला जागा थोडी. फेरी अवघ्या आठ-दहा मिनिटांची, म्हणून दिवसभर एकामागून एक फेऱ्या. हवा साफ असते तेवढ्या वेळातच सगळ्यांना उडायचं असतं आणि हवा बिघडू लागली की उरलेल्या फेऱ्यांची घाई आणखी वाढते.

ढगात शिरल्यावर नेमकं काय होतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. बाहेरचं क्षितिज दिसेनासं झालं की आपण सरळ आहोत की कलतो आहोत, हे शरीराला कळत नाही. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा खोटी साक्ष देऊ लागते. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली एक प्रयोग झाला. ढगातल्या उड्डाणाचं प्रशिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना छोट्या विमानात, बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवायला लावलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत, आणि तीही विमानात. विमान हात सोडला तरी थोडा वेळ सरळ जाऊ शकतं. हलक्या हेलिकॉप्टरचा स्वभाव तसा नाही. बहुतेकांत ऑटोपायलट नसतो, दांडीवरचा हात क्षणभरही सैल सोडता येत नाही आणि डोळे बाहेरच्या जमिनीवरच भिस्त ठेवून असतात.

अनुभवी माणूस यातून सुटतो, असंही नाही. २६ जानेवारी २०२० रोजी बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह नऊ जणांना घेऊन जाणारं हेलिकॉप्टर लॉस एंजेलिसजवळ कालाबासासच्या टेकडीवर आदळलं. वैमानिक मुरलेला होता, इंजिनं ठणठणीत होती. त्या सकाळी धुक्यामुळे शहराच्या पोलिसांनी आपली हेलिकॉप्टरं जमिनीवरच ठेवली होती. ‘चार हजार फुटांकडे चढतो आहे’ असं तो नियंत्रकाला सांगत होता, तेव्हा हेलिकॉप्टर डावीकडे वळत वेगानं खाली येत होतं. अमेरिकेच्या तपास मंडळानं या अपघाताची चिकित्सा केली आणि त्यातलं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं: प्रवाशानं किंवा कंपनीनं दबाव टाकल्याचा पुरावा मिळाला नाही. दबाव वैमानिकानं स्वतःच स्वतःवर घेतला होता. समोरचा माणूस मोठा, त्याचा आपल्यावर विश्वास, पोचण्याचं ठिकाण जवळ आलेलं. जवळच व्हॅन नाइजचा विमानतळ होता. तिथे उतरता आलं असतं.

आता ही गोष्ट महाराष्ट्रात आणून बघा. आपल्याकडच्या सभेत नेता दोन तास उशिरा आला तरी चालतं, पण ‘हवा बरी नाही, साहेब रस्त्यानं येतील’ हे कोणी कोणाला सांगायचं? वैमानिकानं स्वीय सहायकाला, सहायकानं साहेबांना, साहेबांनी कार्यकर्त्यांना? या साखळीतल्या प्रत्येकाला वाटतं की नकार आपल्या तोंडून जाऊ नये. कोणी हुकूम सोडत नाही आणि तरीही पाती फिरू लागतात.

२ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी पुण्याजवळ बावधनला हेलिकॉप्टर उडालं आणि काही मिनिटांतच टेकड्यांत कोसळलं. खासदार सुनील तटकरे यांना घेण्यासाठी ते मुंबईत जुहूला निघालं होतं. दोन वैमानिक आणि एक अभियंता जागीच गेले. त्या भागात धुकं होतं. हे हेलिकॉप्टर दोन इंजिनांचं होतं, हे मुद्दाम सांगतो. २ सप्टेंबर २००९ ला नल्लमलाच्या जंगलात आंध्र प्रदेशचे तत्कालीन मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्यासह कोसळलेलं बेल ४३० सुद्धा दोन इंजिनांचं होतं, त्यात दोन वैमानिक होते. प्रत्येक अपघातानंतर ‘एक इंजिनवाली बंद करा’ अशी मागणी होते. डोंगरात आणि समुद्रावर दुसरं इंजिन असणं चांगलंच, पण ढगात लपलेल्या डोंगराला इंजिनांची संख्या मोजता येत नाही.

तारांचा प्रश्न वेगळा आणि तितकाच गंभीर आहे. २५ मे २०१७ ला निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडताच पुरेशी उंची मिळेना. मे महिन्यातलं ऊन, बदलता वारा. परत उतरताना ते तारांत अडकलं. सगळे वाचले, पण निभावलं म्हणून आपण विसरलो. ८ मे २०२५ ला उत्तरकाशी जिल्ह्यात गंगनानीजवळ सात जणांना नेणारं हेलिकॉप्टर महामार्गावर उतरू पाहत होतं. प्राथमिक अहवालानुसार त्याची पाती रस्त्याच्या कडेनं गेलेल्या केबलला लागली आणि ते खोल दरीत गेलं. सहा जण गेले, एकच वाचला. वरून उडणाऱ्याला खांब दिसतात, तारा दिसत नाहीत. जिल्ह्याच्या गावी बांधकाम विभागाचे लोक शाळेच्या मैदानावर फक्की टाकून गोल आखतात, पाणी मारून धूळ बसवतात. भोवतीच्या तारांची मात्र यादी कोण करतं? आणि धूळ नीट बसलेली नसेल तर? ३ मे २०२४ ला महाडमध्ये शिवसेना (ठाकरे गट) नेत्या सुषमा अंधारे यांना घेण्यासाठी आलेलं हेलिकॉप्टर धुळीच्या लोटात उतरताना कलंडलं. अंधारे अजून बसायच्या होत्या, वैमानिकही वाचला.

इंजिन खरोखरच बंद पडलं तर? तेव्हाही हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. खालून येणाऱ्या हवेनं पाती फिरत राहतात आणि त्या जोरावर उतरता येतं, वैमानिक हे पुन्हा पुन्हा घोटतात. मात्र रॉबिन्सन आर २२ सारख्या हलक्या यंत्रात वैमानिकाला हालचाल करायला जेमतेम सेकंदभर मिळतो. म्हणून सराव हवा, थकलेला माणूस नको आणि खाली उतरण्याजोगी जागा हवी. शेपटीच्या पंख्याबद्दलही एक गोष्ट: २३ एप्रिल २०२३ ला केदारनाथच्या हेलिपॅडवर उत्तराखंडच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाचा एक अधिकारी त्याच पंख्यानं मारला गेला. फिरणारा पंखा डोळ्यांना दिसत नाही. मागून कधीच जायचं नाही.

‘लँड अँड लिव्ह’, म्हणजे उतरा आणि जगा, अशी मोहीम अमेरिकेतल्या हेलिकॉप्टर संघटनेचे अध्यक्ष मॅट झुकारो यांनी चालवली होती. त्यांचा प्रश्न साधा होता: विमानाला धावपट्टी लागते, हेलिकॉप्टरला एखादं शेतही पुरतं, मग हवा बिघडताना लोक वेळेत उतरत का नाहीत? वेळेत हा शब्द महत्त्वाचा. गढवालच्या दरीत सपाट जागा शोधायची वेळ ढग दाटल्यावर येऊच नये, न उडण्याचा निर्णय जमिनीवरच व्हायला हवा. आणि ज्यानं तो घेतला, त्याची नोकरी आणि त्याचं नाव दोन्ही सुरक्षित राहायला हवं. गौरीकुंडच्या अपघातानंतर दुसऱ्या एका कंपनीच्या दोन वैमानिकांचे परवाने सहा महिन्यांसाठी निलंबित झाले, कारण तेही खराब हवेत उडाले होते. कारवाई योग्यच होती. पण नकार देणाऱ्या वैमानिकाच्या पाठीशी उभं राहण्याची तितकीच ठोस व्यवस्था दिसत नाही. उडालेल्याचा परवाना मात्र जातो.

नागरी उड्डाणाची नियामक संस्था असलेल्या डीजीसीएनं आणि राज्य सरकारांनी दोन गोष्टी लगेच कराव्यात. हवामानामुळे रद्द झालेल्या उड्डाणाचा एक रुपयाही वैमानिकाच्या पगारातून किंवा कंपनीच्या कंत्राटातून कापला जाणार नाही, हे लेखी असावं. आणि मंत्री-नेत्यांच्या प्रत्येक दौऱ्यात रस्त्याचा पर्यायी कार्यक्रम आधीच छापलेला असावा, म्हणजे ऐनवेळी कोणाला धीर गोळा करावा लागणार नाही.

यात्रेला निघणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. परतीच्या रेल्वेच्या आधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. हेलिपॅडवर वैमानिक ‘आज नाही’ म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका आणि आपल्याबरोबरच्यांनाही घालू देऊ नका.