हरवलेले पाकीट आणि ओळखचोरीचा धोका

मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने जून २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराशी संबंधित फसवणुकीचे एक मोठे प्रकरण उघडकीस आणले. जबलपूर परिसरातील काही शेतकऱ्यांना कर्ज मिळवून देण्याचे आमिष दाखवण्यात आले होते. कर्जासाठी जीएसटी नोंदणी आवश्यक असल्याचे सांगून त्यांच्याकडून आधार कार्ड, पॅन कार्ड, छायाचित्रे, बँक खात्याचे उतारे आणि जमिनीचे कागद घेण्यात आले आणि त्या आधारे त्यांच्या नावाने व्यापारी पेढ्यांची नोंदणी झाली. बनावट पेढ्यांच्या या जाळ्यातून सुमारे ३४ कोटी रुपयांचे खोटे इनपुट टॅक्स क्रेडिट निर्माण करण्यात आले, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे.

या शेतकऱ्यांची कागदपत्रे हरवली नव्हती, ती विश्वासाने दिली गेली होती. तथापि त्यांतील आधार आणि पॅन ही दोन कार्डे आज बहुतेक नागरिकांच्या पाकिटात सदैव असतात. जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे प्रमुख पीठही तेथेच आहे. ग्वारीघाटावर नर्मदास्नानासाठी आणि भेडाघाट पाहण्यासाठी दूरदूरहून लोक येतात. फलाटावर, घाटावर किंवा न्यायालयाच्या आवारात पाकीट गहाळ होणे ही अशा शहरात नवलाची गोष्ट नाही. ते कोणाच्या हाती पडले आणि त्यातील कागदांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र आता पूर्वीपेक्षा गंभीर झाला आहे.

रोख रकमेचे नुकसान त्याच दिवशी कळते. ओळखीचा गैरवापर मात्र महिन्यांनी, कधी वर्षांनी आणि बहुधा सरकारी नोटिशीच्या रूपाने समोर येतो. २०२४ मध्ये ग्वाल्हेरच्या एका विद्यार्थ्याला सुमारे ४६ कोटी रुपयांच्या व्यवहारांबद्दल प्राप्तिकर विभागाची नोटीस आली. त्याच्या पॅन क्रमांकावर २०२१ मध्ये एक कंपनी नोंदली गेली होती आणि त्याला तिचा पत्ताही नव्हता. त्याआधी २०२३ मध्ये बैतूल जिल्ह्यातील एका दिवंगत शिक्षिकेच्या नावे साडेसात कोटी रुपयांहून अधिक कराची मागणी आली. या शिक्षिकेचे निधन २०१३ मध्येच झाले होते. आपण हे व्यवहार केलेच नाहीत, हे सिद्ध करण्याचा भार अशा वेळी ज्याचे नाव वापरले गेले त्याच्यावर किंवा त्याच्या कुटुंबावर पडतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६ क समाविष्ट करण्यात आले व ते ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, पासवर्ड किंवा अन्य विशिष्ट ओळखचिन्ह कपटाने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तोतयेगिरी करून फसवणूक करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. म्हणजे कायद्याची उणीव नाही. परंतु शिक्षेची वेळ गुन्हा उघडकीस आल्यानंतर येते आणि संरक्षणाची वेळ त्याच्या कितीतरी आधी, पाकीट हरवल्याच्या पहिल्या काही तासांत असते.

त्या तासांतील पहिले काम बँकेची कार्डे बंद करण्याचे आहे. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून संपर्कविरहित कार्डाने, पिन क्रमांक न देता एका वेळी पाच हजार रुपयांपर्यंत खर्च करण्यास मुभा दिली. ही सोय ग्राहकाची असली, तरी कार्ड सापडणाऱ्यालाही तिचा लाभ उठवता येतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी काळाशी जोडली. बँक व ग्राहक या दोघांचाही दोष नसलेल्या अनधिकृत व्यवहाराची माहिती, बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत दिल्यास ग्राहकावर भार राहत नाही. चार ते सात दिवसांत दिल्यास तो मर्यादित राहतो. ग्राहकाचा निष्काळजीपणा असला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे, असेही त्यात म्हटले होते. त्यामुळे तक्रार कोणत्या दिवशी, किती वाजता नोंदवली आणि तिचा क्रमांक काय, हे लिहून ठेवण्याला महत्त्व आहे. खात्यातून रक्कम गेलीच असेल, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवणे इष्ट ठरते.

दुसरे काम पोलिसांकडे नोंद करण्याचे. येथे अनेकजण मागे राहतात. पाकिटात फार पैसे नव्हते, मग पोलीस ठाण्यात कशाला जायचे, असा विचार केला जातो. कायद्याची मांडणीही काही अंशी याच विचाराला पूरक आहे. भारतीय न्याय संहितेनुसार पाच हजार रुपयांपेक्षा कमी मूल्याच्या मालाची चोरी प्रथमच दोषी ठरलेल्या व्यक्तीने केली असेल आणि माल परत केला असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे आणि अशी चोरी अदखलपात्र मानली गेली आहे. कागदपत्रांचे खरे मूल्य या रुपयांच्या मापात बसत नाही. म्हणूनच चोरी सिद्ध होवो वा न होवो, कोणती कागदपत्रे कोणत्या तारखेला गहाळ झाली याची नोंद करून तिची प्रत जपून ठेवणे आवश्यक आहे. मध्य प्रदेश व महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या पोलिसांनी हरवलेल्या वस्तूंची नोंद घरबसल्या करण्याची सोयही केली आहे. चार वर्षांनी एखादी नोटीस आलीच, तर संबंधित व्यवहारापूर्वीच कार्ड हरवले होते, हे सांगणारा तोच एक दिनांकित कागद नागरिकाच्या हाती असतो.

तिसरे काम अधिक चिकाटीचे आहे. बँकेचे कार्ड बंद करून नवे घेतले की जुना क्रमांक निरुपयोगी होतो. पॅन किंवा आधार यांच्या बाबतीत तसे होत नाही. कार्ड नव्याने छापून मिळते, पण त्यावर क्रमांक तोच असतो. त्यामुळे धोका नव्या कार्डाबरोबर संपत नाही आणि लक्षही त्यानुसार दीर्घकाळ ठेवावे लागते.

यासाठी आवश्यक साधने बहुतांशी विनामूल्य आहेत. पतविषयक माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, हा नियम २०१७ पासून लागू झाला. आपल्या नावे कोणी कर्ज उचलले आहे काय, हे त्यातून कळते. प्राप्तिकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणपत्रात पॅनशी जोडलेले मोठे व्यवहार दिसतात. जीएसटीच्या पोर्टलवर पॅन क्रमांक टाकल्यास त्यावर झालेल्या नोंदण्या शोधता येतात. जबलपूरच्या प्रकरणाच्या संदर्भात ही सोय विशेष उपयुक्त आहे. दूरसंचार विभागाच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावे किती मोबाईल जोडण्या आहेत, हे पाहता येते. आधारधारकाला बोटांचे ठसे व अन्य जैविक माहिती कुलूपबंद ठेवण्याची मुभाही आहे.

अमेरिकेत सप्टेंबर २०१८ पासून कोणत्याही नागरिकाला आपला पतविषयक अहवाल विनामूल्य गोठवता येतो. तसे केल्यास त्याच्या नावे नवे कर्ज काढणे अवघड होते. भारतातील व्यवस्थेचा भर अशा बंदीपेक्षा सूचनेवर आहे. पतविषयक अहवाल कोणी पाहिल्यास ग्राहकाला लघुसंदेश किंवा ई-मेल पाठवण्याचे बंधन २०२४ पासून आले. सूचना उपयुक्त असली, तरी ती ज्याच्या मोबाईल क्रमांकावर जायला हवी तो क्रमांक नोंदीत अद्ययावत असणे गरजेचे आहे.

केवळ नागरिकांच्या सावधगिरीवर हा प्रश्न सुटणारा नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर प्रादेशिक कार्यालयाने आधारची छायाप्रत सरसकट कोणालाही देऊ नये, असे आवाहन केले होते. त्यावर गोंधळ उडताच ते दोन दिवसांत मागे घेण्यात आले. मात्र अखेरचे चार अंकच दाखवणारे आधार पर्याय म्हणून आजही उपलब्ध आहे. हॉटेलात, दुकानात अथवा भाड्याच्या घरासाठी छायाप्रत देण्याची सवय मोडलेली नाही. कागदावरील छायाचित्र आणि समोरची व्यक्ती यांची पडताळणी न करता नोंदणी करणारी प्रत्येक संस्था ओळखचोरीचे काम सोपे करते.

तोपर्यंत सर्वांत सोपा उपाय पाकीट हलके ठेवण्याचा आहे. डिजिलॉकरमधील वाहन परवाना व अन्य दस्तऐवज कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचे मानले जातात. त्यामुळे मूळ कार्डे रोज खिशात बाळगण्याचे कारण उरलेले नाही. ती घरी ठेवणे आणि त्यांच्या क्रमांकांची एक यादी वेगळ्या जागी लिहून ठेवणे, एवढे केले तरी पाकीट हरवण्याचा प्रसंग बहुतांशी पैशांच्या नुकसानीवर थांबू शकेल.