स्वयंसेविका म्हणायचे आणि राबवून घ्यायचे

गावाचे आरोग्य कोणी राखावयाचे, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील काही खेड्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. सरकारने ते मान्यही केले. परंतु त्यातील निम्माच भाग उचलला. उरलेला निम्मा सोयीस्करपणे बाजूला राहिला आणि त्याची किंमत आज राज्यातील सुमारे ७० हजार आशा स्वयंसेविका व त्यांच्यावर विसंबून असलेली खेडी मोजीत आहेत.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात येऊन राहिले. खेड्याखेड्यांत प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला. बाहेरून आलेली परिचारिका गावात रमेना आणि गावालाही ती आपली वाटेना. तेव्हा गावातीलच बाई निवडावी, असे ठरले. अशा रीतीने पुढे आलेल्या स्त्रियांपैकी अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्या नियमाने जामखेडला येत, शिकत आणि शिकलेले घेऊन गावी परतत. बाळंतपण, हगवण लागलेल्या मुलाला द्यावयाचे मीठ-साखरेचे पाणी, लस, कुष्ठरोग्याची शुश्रूषा ही सारी कामे त्यांनी अंगावर घेतली. १९७१ साली या भागात दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. पुढील काही वर्षांतच हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या खाली आले.

हे केवळ औषधांच्या पिशवीने साधले नाही. बाईच्या मागे शेतकरी मंडळे उभी होती, पुढे महिला मंडळे उभी राहिली. पाण्यासाठी कूपनलिका घेताना त्या दलित वस्तीलगत घेतल्या गेल्या. पाणी हवे असेल त्या सवर्णालाही तेथे जाणे भाग पडले. आरोग्याचा प्रश्न हा पाण्याचा, अन्नाचा, जातीचा आणि स्त्रीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, हे जामखेडने व्याख्यान न देता दाखवून दिले.

गडचिरोलीने पुढचे पाऊल टाकले. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकाची घरी जाऊन देखभाल करण्यास शिकविले. जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकावर उपचार करण्यासारखे, केवळ डॉक्टरचेच मानले गेलेले काम या स्त्रियांनी जबाबदारीने पार पाडले. तेथील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा अहवाल १९९९ साली जगापुढे आला. खेड्यातील बाईच्या बुद्धीवर अविश्वास दाखविणाऱ्यांना याहून सडेतोड उत्तर कोणते असू शकेल?

सरकारी योजनांचा इतिहास मात्र वेगळा आहे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने हजार लोकवस्तीमागे एक आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू केली. आरोग्यमंत्री राजनारायण हे समाजवादी चळवळीतून आलेले. योजनेमागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तीन महिन्यांचे शिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन असे तिचे स्वरूप होते. पण निवड बहुतांशी पुरुषांची झाली आणि ती अनेक ठिकाणी गावातील वजनदार मंडळींच्या मर्जीने झाली. ग्रामसभा जिवंत नसेल तर लोकांच्या नावाने निघालेली योजना पुढाऱ्यांच्या घरी मुक्कामाला जाते, हा धडा समाजवाद्यांनीही विसरता कामा नये.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्याबरोबर आशा आली. या वेळी स्त्रीची निवड झाली, हे योग्यच झाले. परंतु तिला ना कर्मचारी म्हटले गेले, ना पगार दिला गेला. प्रत्येक कामाचा निराळा दर ठरला. गडचिरोलीची पद्धत २०११ साली देशभर नेण्याचे ठरले, तेव्हा बाळंतीण आणि बाळ यांच्या घरी सहा भेटी देण्याबद्दल २५० रुपये मुक्रर झाले. एका भेटीमागे ४२ रुपयेदेखील पडत नाहीत. या रकमेत तिची पायपीट आली, वेळ आला आणि बाळाच्या जिवाची जबाबदारीही आली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. जामखेडच्या बायकांनी तरी पगार कोठे घेतला होता? पैसा आला की सेवाभाव जातो, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद वरवर उदात्त, पण आतून पोकळ आहे. जामखेडची बाई आपल्या गावाला बांधलेली होती, कोणा अधिकाऱ्याला नव्हे. आशेला मात्र सर्वेक्षणे, नोंदवह्या, मोबाईलवरील माहिती, बैठका आणि मोहिमा यांचे हुकूम वरून सुटतात. करोनाच्या साथीत घरोघर फिरण्याचा हुकूमही तिलाच होता. स्वयंसेवा ही स्वेच्छेने केली जाते. हुकमाने करवून घेतात ती चाकरी होय. आणि जेथे चाकरी आहे तेथे वेतन असलेच पाहिजे. योजनांवर राबणाऱ्या या स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस २०१३ साली ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने केली होती. सेवाभावाचे पाठ जिल्ह्याच्या वा मंत्रालयाच्या अधिकाऱ्याला कोणी देत नाही, ते केवळ गरीब बाईलाच दिले जातात, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

न्याय मागण्यासाठी तिला रस्त्यावर यावे लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातील आशांनी संप केला, त्यांना आश्वासन मिळाले; शासननिर्णय निघेना, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप झाला. आझाद मैदानात ठिय्या दिल्यानंतर मार्च २०२४ मध्ये मानधनात ५ हजार रुपयांची वाढ मंजूर झाली. हा संघटनेचा विजय आहे. परंतु वाढले ते मानधनच. मानधन हे कृपेने मिळते, वेतन हक्काने मिळते, हा भेद त्या निर्णयाने मिटलेला नाही.

सरकारने बाजूला ठेवलेला दुसरा भाग म्हणजे गावाचा अधिकार. प्रत्येक गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता यांसाठी समिती असावी आणि तिच्या हाती वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित निधी असावा, अशी तरतूद अभियानात आहे. किती गावकऱ्यांना ती ठाऊक आहे? २००७ पासून महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. डॉक्टर हजर असतो काय, औषध बाहेरून आणावयास सांगतात काय, रुग्णाकडून पैसे मागतात काय, हे गावाने स्वतः तपासले, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांत त्याचा तक्ता मांडला आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे जाब विचारला. दवाखान्याच्या दारात हात जोडून उभा राहणारा माणूस तेथे प्रथमच नागरिक म्हणून बोलला. असे प्रयोग मूठभर गावांपुरते राहू नयेत. ते गावगाड्याचा नित्यक्रम झाले पाहिजेत.

तेव्हा मागणी दुहेरी हवी. आशेला कामगाराचा दर्जा, किमान वेतन आणि निवृत्तीनंतरची सुरक्षितता मिळावी. आणि गावाच्या आरोग्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडणे बंधनकारक असावे. पहिली मागणी मान्य होऊन दुसरी राहिली, तर आणखी एक सरकारी खाते तेवढे वाढेल. दुसरी मान्य होऊन पहिली राहिली, तर गावाचे आरोग्य एका बाईच्या उपाशी पोटावर उभे राहील.

यातील दुसऱ्या मागणीचा आरंभ करण्यास मंत्रालयाच्या परवानगीची गरज नाही. येत्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी उठून तीन प्रश्न विचारावेत: आरोग्य समितीची बैठक केव्हा झाली, १० हजार रुपये कशावर खर्च झाले आणि गावच्या आशेला गेल्या महिन्यात किती रुपये मिळाले? या प्रश्नांची उत्तरे त्या आशेला व्यासपीठावर बसवून, सर्वांसमक्ष घ्यावीत. जामखेडची सुरुवात याहून मोठी नव्हती.