शेरा जाण्याआधी नक्कल घ्या

मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीचे काम 2023 मध्ये सुरू झाले आणि नांदेड-लातूरच्या तहसील कार्यालयांत खासरा पत्रकांचे, पाहणी पत्रकांचे गठ्ठे पुन्हा सुटले. बहुतेकांना त्यांत एकच शब्द हवा असतो, ‘कुणबी’. तो सापडला की पान मिटते. जातीच्या दाखल्यापुरते ते ठीक. वंशावळ जुळवणाऱ्या आपण मात्र पुढचे रकानेही उतरवून घेतले पाहिजेत. एका सर्व्हे नंबरचे हिस्से पडलेले दिसले तर ते पुष्कळदा भाऊबंदांचेच असतात, आणि कुळाच्या रकान्यात दुसऱ्याच घराण्याचा माग लागतो.

आता घाई करायला हवी ती जुन्या सातबाऱ्यासाठी. ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मृत खातेदारांची नावे कमी होऊन वारसांची लागत आहेत. ‘अपाक’ (अज्ञान पालनकर्ता), ‘एकुमॅ’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) हे शेरेही निघत आहेत. शेतकऱ्याची अडचण त्यामुळे दूर होते, मोहीम योग्यच आहे. पण ‘अपाक आई’ या शेऱ्यानेच कळते की बाप लवकर गेला आणि अज्ञान मुलांची जमीन आईने सांभाळली. आपल्या वंशावळींत बायकांची नावे येतातच किती? ती बाई कुठे भेटलीच तर या शेऱ्यात. ‘एकुमॅ’ दिसला की समजावे, एका नावाआड एकत्र कुटुंबातले भाऊ आहेत. त्यांची नावे फेरफारात शोधावीत.

मोगलाईतल्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या, कागदांवर साल फसली असते. त्यात नुसते 590 मिळवून लिहू नये. हैदराबादचे फसली साल ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होई. म्हणून 1357 फसली म्हणजे ऑक्टोबर 1947 ते सप्टेंबर 1948. जहागिरी खालसा करणारा कायदा 1358 फसलीचा, पण तो आला ऑगस्ट 1949 मध्ये. महिना पाहिला नाही तर पिढीच्या तारखा वर्षाने सरकतात.

जिल्हाही जुनाच धरावा. उदगीर, अहमदपूर, निलंगा 1956 पर्यंत बिदरमध्ये होते, किनवट आदिलाबादेत. लातूर जिल्हा तर 1982 चा. लातुरात ‘नोंद आढळत नाही’ असे उत्तर मिळाले म्हणून शोध संपवू नका. बिदरचे दप्तर आणि हैदराबादचे राज्य अभिलेखागार पाहिल्याशिवाय नोंद नाहीच असे कोणी लिहू नये.

वाचकांना विनंती एवढीच: आपल्या गावचा हस्तलिखित सातबारा आणि त्यावर नोंदलेल्या प्रत्येक फेरफाराची प्रमाणित नक्कल याच महिन्यात काढा, पूर्ण पानाची.