इंटरकूलर, मे महिना आणि बाबांची गाडी

संक्रांतीला घरी जाताना महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये माझ्या मांडीवर एक भलंमोठं खोकं होतं. समोरच्या काकूंनी विचारलं, "मिक्सर का?" म्हटलं, "इंटरकूलर." त्यानंतर भंडारा रोड येईपर्यंत काकू माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत :-)

बाबांकडे २००४ सालची ॲक्सेंट सीआरडीआय आहे. दीड लिटरचं तीन सिलेंडरचं डिझेल इंजिन, टर्बो आहे पण इंटरकूलर नाही. ही एक गोष्ट माझ्यातल्या इंजिनियरला कित्येक वर्षं टोचत होती. शेवटी किट मागवलं. ॲल्युमिनियमचा कूलर, पाइप, सिलिकॉनचे होज, क्लॅम्प, सगळं मिळून बावीस हजार. चार दिवसांच्या सुट्टीत गावातल्या मिस्त्रीच्या हातापाया पडून बसवून घेतलं. पुढच्या बंपरची आतली बाजू थोडी कापावी लागली, बास.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंखा. हवा दाबली की तापते (सायकलच्या पंपाचं टोक हाताला लागतं तसं), आणि तापलेली हवा विरळ असते. इंटरकूलर म्हणजे मधल्या वाटेवरचा छोटा रेडिएटर. हवा त्यातून गार होऊन पुढे जाते.

आता भंडाऱ्याचा मे महिना घ्या. बाहेर ४५ अंश. टर्बोने हवा १.८ पट दाबली आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा बाहेर पडताना साधारण १२८ अंशांवर असते. बऱ्यापैकी इंटरकूलर तिला ६५ अंशांपर्यंत खाली आणतो. म्हणजे त्याच दाबाला सुमारे १८ टक्के जास्त हवा! कागदावर हे गणित पाहिलं की बावीस हजार कसे गेले ते कळतही नाही.

पण या गणितात दोन गोष्टी मी सोयीस्करपणे गाळल्या होत्या.

पहिली. डिझेल गाडीत ताकद इंधनाने वाढते, नुसत्या हवेने नाही. किती डिझेल सोडायचं ते गाडीचा कंप्युटर ठरवतो, आणि त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. म्हणून तर किटवाले सोबत 'ट्यूनिंग बॉक्स' गळ्यात मारायला बघतात. तो मी घेतला नाही. वीस वर्षं जुन्या क्लचवर आणि गिअरबॉक्सवर जास्तीचा भार टाकायची माझी हिंमत नव्हती. तरी जानेवारीत गाडी पळायला लागली असं मला ठामपणे वाटलं. मी मिस्त्रीला तसं सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, थंडीत कोनतीबी गाडी चांगलीच चालते. मे महिन्यात घेऊन येजो, मंग बोलू."

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हवेतली काढलेली उष्णता जाते कुठे? गाडी जोरात असेल तेव्हा हा हिशोब तीन किलोवॉटच्या घरात जातो, म्हणजे घरातल्या दीड गीझरइतका. आणि हा गीझर मी नेमका एसीच्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या पुढ्यात टांगला होता. वाऱ्याची वाट अडली ती वेगळीच. त्या मागच्या रेडिएटरच्या जाळ्यांत वीस वर्षांची धूळ, किडे आणि राइस मिलचा कोंडा बसला होता. तो साफ करायचं मला सुचलं नाही. नवं खोकं होतं ना हातात!

मे महिन्यात बाबा आईला डोळे तपासायला नागपूरला घेऊन गेले. परतताना दुपारचे दोन, एसी सुरू, पुढे ट्रकांची रांग. मौद्याच्या आसपास काटा वर चढायला लागला. बाबांनी एसी बंद केला, काचा उघडल्या आणि शेवटी एका झाडाखाली गाडी उभी केली. डोळ्यांत औषध घातलेली आई, काळा चष्मा, बाहेर ती झळ, आणि पाऊण तास रस्त्याच्या कडेला. मी तेव्हा पुण्यात एसी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो.

हे मला बाबांनी सांगितलंच नाही. आईकडून आठवड्याने कळलं. विचारलं तर म्हणाले, "अरे, गाडी थोडी दमली होती. थांबलो जरा."

आमच्या धंद्यात चालू सिस्टीमला हात लावायचा असेल तर आधी दहा जणांना विचारतात, सगळ्यात जास्त लोड कधी येतो ते बघतात, आणि बिघडलं तर मागे कसं फिरायचं ते ठरवतात. घरच्या गाडीच्या बाबतीत मी यातलं काहीही केलं नाही. चाचणी जानेवारीत, वापर मे महिन्यात! आणि जो माणूस ती गाडी रोज चालवतो त्याला एका शब्दाने विचारलं नाही.

माझं म्हणणं इंटरकूलर वाईट असतो असं नाही. ५३ नंबरच्या हायवेवर दिसणाऱ्या नव्या ट्रकांना तो असतोच. पण तिथे कूलर, रेडिएटर आणि पंखा एकमेकांचा विचार करून बनवलेले असतात. किटवाला आपल्याला त्यातला एकच तुकडा विकतो. बाकीचा विचार आपण करायचा असतो. म्हणून जुन्या गाडीत क्रम असा हवा: आधी रेडिएटर, पंखा, होज, मग टर्बोची गळती, आणि हे सगळं ठणठणीत असेल तर शेवटी किट. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. मूळ रचनेशी न जुळणारे बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये सांगितलं आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओला दाखवावीच लागते. तेव्हा बंपर कापायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. मी नंतर चौकशी करत बसलो.

जूनमध्ये जाऊन किट काढलं. रेडिएटर उतरवून धुतला, पंख्याची मोटर बदलली. काटा आता मधोमध असतो. मिस्त्रीने "सांगितलं होतं ना" असं एकदाही म्हटलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

संध्याकाळी बाबांना एकदाचं विचारलं, "गाडीत काय करायला हवं होतं, बाबा?"

"एसी रे. दोन उन्हाळे झाले, नीट गार होत नाही. तुझ्या आईला त्रास होतो."

एसीच्या कामाला साडेसहा हजार लागले. इंटरकूलर माळ्यावर आहे. कोणाला हवा असेल तर सांगा, पण आधी तुमची गाडी कोण चालवतं ते सांगा!