दीड फुटाचा समुद्र

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण आहे खाऱ्या पाण्याच्या छोट्या फिशटँकशी. टँक बिचारा निर्जीव, त्यामुळे खरं भांडण तो विकणाऱ्यांशी आणि हौसेने घरी नेणाऱ्यांशी. या दुसऱ्या गटात आमचे काही नातेवाईकही मोडतात आणि ते इथे वाचायला येतात, हे ठाऊक असूनच लिहिते आहे. राग आला तर फोन करा, पण आधी शेवटपर्यंत वाचा!

गप्पी, गोल्डफिश आता जुने झाले म्हणे. आता 'मरीन' हवं. दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच काचेची पेटी. वर निळा दिवा, खाली पांढरी वाळू, आणि आत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा 'नीमो' नि निळाशार 'डोरी'. दुकानदार सांगतो, "मॅडम, पहिलाच आहे ना, मग छोटाच घ्या, सांभाळायला सोपा." आणि त्याच दिवशी, एकाच बिलावर टँक, वाळू, मिठाची पिशवी आणि मासे असं सगळं बांधून देतो. नात्यागोत्यातल्या चार घरांत मी हा सोहळा पाहिला. एकाही घरात माशांची पहिली तुकडी महिनाभर टिकली नाही.

मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. रसायनशास्त्र मॅट्रिकला सुटलं ते सुटलंच. पण माझा एक जुना विद्यार्थी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेला आहे. त्याच्याकडून समजून घेतलं, वाचलं, आणि वहीत गणितं मांडून पाहिली. तेव्हा कळलं की दुकानदाराच्या बोलण्यात दोन गोष्टी धडधडीत खोट्या आहेत.

पहिली, 'छोटा म्हणून सोपा'. वरच्या मापाच्या पेटीत काठोकाठ चाळीस लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करा, राहिलं तीस लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आता उन्हाळ्यात पंख्याखाली त्यातलं तीन लिटर पाणी उडून गेलं असं धरा. पाणी उडतं, मीठ जागच्या जागी राहतं. (मिठागरं याच तत्त्वावर चालतात, हे पाचवीतल्या मुलालाही माहीत असतं.) राहिलेल्या सत्तावीस लिटरमध्ये लिटरमागे जवळजवळ ३९ ग्रॅम झाले! आता दोनशे लिटरची टाकी घ्या. तिचा पृष्ठभाग तिप्पट, म्हणून पाणीही तिप्पट उडालं असं धरू, नऊ लिटर. तरी हिशेब साडेछत्तीसच्या थोडा वर जाऊन थांबतो. मोठ्या टाकीत जी चूक पचते, तीच छोट्या टाकीत माशाच्या जिवावर बेतते. खाणं चिमूटभर जास्त पडलं, दगडामागे एखादा मासा मरून राहिला, दिवा तासभर जास्त चालला, या सगळ्याला हाच न्याय. म्हणजे छोटा टँक हे मुरलेल्या माणसाचं काम, आणि आपण ते सात वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला देतो.

दुसरं खोटं न बोलता बोललं जातं, ते म्हणजे टँक आणि मासे एकाच दिवशी. मासा श्वास घेतो, खातो, घाण करतो आणि त्यातून अमोनिया तयार होतो. समुद्रात तो कुठल्या कुठे विरून जातो. पेटीत तो तिथेच राहतो आणि माशाचे कल्ले जाळतो. खाऱ्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो, आणि पीएच जितका जास्त तितका तोच अमोनिया जास्त विषारी. साध्या सात पीएचच्या पाण्यापेक्षा कित्येक पटींनी. यावर उपाय निसर्गानेच ठेवला आहे. एका जातीचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं. पण हे जीवाणू दगडांवर, वाळूत, फिल्टरच्या स्पंजवर वस्तीला यायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर टँकमध्ये मासा नको! पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून ते चांगलं असतं असं नाही. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. दुकानदाराला हे माहीत नाही असं मी मानत नाही. सहा आठवडे थांबा म्हटलं तर गिऱ्हाईक परत येईल की नाही याची त्याला खात्री नसते. उलट पहिले मासे मेले तर ते हमखास परत येतं.

आता आमच्या भाट्याची गोष्ट. आम्ही समुद्राकाठी राहतो म्हणून पुण्या-मुंबईच्या मंडळींना वाटतं की यांना काय, समुद्र दारात! गाडीत वीस लिटरचे कॅन टाकून येतात आणि सुरूच्या बनापलीकडे उतरून पाणी भरून नेतात. अहो, इथे काजळी नदी समुद्राला मिळते. पावसाळ्यात नदीचं गोडं, गढूळ पाणी इतकं येतं की किनाऱ्यालगतचा खारटपणा पार उतरतो. समोर राजिवडा, पलीकडे बंदर, होड्यांचं डिझेल, गावाचं सांडपाणी. शिवाय पाण्यात असंख्य बारीक जीव असतात. ते बंद कॅनमध्ये गाडीच्या डिकीत उन्हात तापून मरतात आणि पुण्याला पोचेपर्यंत पाणी नासायला लागतं. समुद्राचं पाणी वापरता येत नाही असं नाही. पण ते पावसाळा सोडून, खाडीपासून लांब, भरतीचं, नितळ असं घ्यावं लागतं. मग गाळून, अंधारात साठवून, तपासून वापरायचं. हे ज्याला जमत नाही त्याने आर.ओ.च्या पाण्यात तयार सागरी मीठ मिसळावं. स्वयंपाकघरातलं मीठ अजिबात नको. त्यात नुसतं सोडियम क्लोराइड असतं, समुद्रातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात कुठून येणार?

आणि उन्हाळा? प्रवाळातले हे मासे २४ ते २७ अंशांत सुखी असतात. मे महिन्यात आमच्या माजघरात भर दुपारी ३२ असतं. पाणी गरम झालं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि माशाची भूक मात्र वाढते. त्यात वीज गेली की पंप बंद. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा कोकणात कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलेली किती घरं आहेत ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

आता माशांच्या निवडीकडे. २००३ साली 'फाइंडिंग नीमो' आला आणि या माशांना घरोघर नावं मिळाली. गंमत बघा, त्या सिनेमाची सगळी गोष्ट समुद्रातून पकडून काचेच्या पेटीत आणलेल्या पिलाची आणि त्याला घरी न्यायला निघालेल्या बापाची आहे. आणि तो बघून बाहेर पडलेली मुलं म्हणतात, आई, मला नीमो हवा! (जाता जाता, क्लाऊनफिश सगळे नर म्हणूनच जन्मतात आणि मादी गेली की तिचा जोडीदार नर स्वतः मादी होतो. म्हणजे खऱ्या समुद्रात नीमोच्या बाबांची आई झाली असती. सिनेमावाल्यांनी हे सोयीस्करपणे गाळलं.)

त्यातली ती 'डोरी', निळा सर्जनफिश, पूर्ण वाढली की फूटभर लांब होते. दीड फुटाच्या पेटीत फूटभराचा मासा! दुकानात तिचं दोन इंचाचं पिल्लू दाखवतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय २०१६ पर्यंत या माशाची बंदिस्त पैदास कोणालाच जमली नव्हती. त्या वर्षी फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ती पहिल्यांदा झाली. बाजारात दिसते ती डोरी अजूनही बहुधा प्रवाळातून उचललेलीच. फिलिपाइन्स, इंडोनेशियाकडे असे मासे पकडण्यासाठी पाण्यात सायनाइड फवारण्याचे प्रकार झालेले आहेत. मासा गुंगतो, हातात येतो, दुकानात धडधाकट दिसतो, आणि आपल्या घरी येऊन चार-आठ दिवसांनी आतूनच संपतो. मग आपण म्हणतो, पाण्यात काहीतरी झालं असणार. मँडरिन नावाचा नक्षीदार मासा असाच. तो बहुतेक वेळा जिवंत सूक्ष्म जीवच टिपून खातो, डबीतल्या दाण्यांकडे बघतही नाही आणि भरल्या घरात उपाशी मरतो. समुद्रघोडे आणि कठीण प्रवाळ तर २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेत. मालवणहून 'आठवण' म्हणून प्रवाळाचा तुकडा आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

यावर आमच्या दिरांचं ठरलेलं उत्तर असतं, "वहिनी, रोज बांगडा खाता आणि एका बोटभर माशासाठी गळा काढता?" खाते. आवडीने खाते. पण बांगडा थव्यांनी येतो, भराभर वाढतो, जाळ्यात आला की लवकर सुटतो आणि कोणाचं तरी पोट भरतो. त्याच्यासाठीसुद्धा आपण पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवतो. खाण्याच्या माशालाही नियम आहे. या पट्टेवाल्याला मात्र पिशवीत बांधून, उपाशी ठेवून, विमानाने-ट्रकने आणायचं, आणि कशासाठी, तर सोफ्याशेजारी शोभा म्हणून. मग आठ दिवस कल्ले जळत मरू द्यायचं आणि कमोडमध्ये सोडून द्यायचं. ताटातल्या बांगड्याशी याची तुलना करणाऱ्याने बांगड्याचाही अपमान केला आहे, असं मी भावोजींना तोंडावर सांगितलं आहे.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते मात्र वेगळंच. नात्यातल्या एका घरी सकाळी नीमो उलटा तरंगताना दिसला. मुलगा शाळेत. बाबांनी हाफ डे टाकला, धावत जाऊन तसाच दुसरा आणला आणि मुलगा यायच्या आत सोडला. हे तीनदा झालं. चिरंजीव मला फोनवर सांगतात, "आजी, माझा नीमो आता दोन वर्षांचा झाला!" काय बोलणार? त्या मुलाला मासा मरतो हेही कळलं नाही आणि का मरतो हेही नाही. नीट सांभाळला तर क्लाऊनफिश दहा वर्षांहून जास्त जगतो, वीस वर्षं जगल्याचेही दाखले आहेत. पहिलीत आणलेला मासा मुलगा बारावीला बसला तरी टँकमध्ये असायला हवा.

इतकं बोलूनही काहीजण टँक घेणारच, ते मला माहीत आहे. त्यांनी निदान एवढं करावं. शंभर लिटरच्या खाली जाऊ नये. आधी पाणी, दगड, फिल्टर चालू करून सहा आठवडे रिकामा टँक बघत बसावं. विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ च्या दरम्यान ठेवावं आणि त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, जिभेने चव घेऊन कळत नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावर दोन क्लाऊनफिश आणावेत, तेही पैदास केंद्रातले. आपल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाऊनफिशची पैदास झाली आहे, तमिळनाडूत मंडपमलाही झाली आहे. दुकानदाराला विचारा, 'हा कुठला?' उत्तर देता आलं नाही तर घेऊ नका. समुद्रफूल नसलं तरी क्लाऊनफिशचं अडत नाही, त्यामुळे ते विकत घेऊ नका. स्वस्त म्हणून निळे डॅमसेल तर मुळीच नकोत, ते काटक खरे, पण भयंकर भांडकुदळ. रोज उडालेलं पाणी गोड्या पाण्याने भरा, खाऱ्याने नाही. दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदला. दोन माशांनंतर हात आवरा.

ज्यांना एवढं झेपणार नाही त्यांनी मुलांना झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय दाखवावं, तिथे देवमाशाचा सांगाडाही आहे. आणि भाट्याला जरूर या, पण कॅन गाडीतच ठेवा. सुकतीची वेळ आधी विचारून घ्या. खडकांतल्या डबक्यांत शंख पाठीवर घेऊन धावणारे खेकडे आहेत, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या आहेत. पायात जुन्या चपला घाला, कालवांनी पाय कापतो.