‘नंतर’ आणि ‘मुळे’

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मूत्रपिंडावर लिहावे, हा आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना आगाऊपणा वाटेल. पण हा विषय आमच्या घरात घडलेला आहे.

माझ्या मामांना २०१५ साली आजीने आपले एक मूत्रपिंड दिले. आईचे झाले तरी शरीराला ते परकेच! शरीराने ते नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि स्टेरॉइडच्या गोळ्या तेव्हापासून घड्याळ लावून चालू आहेत. त्या प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. २०२१ साली कोरोनाची लस आली आणि घरात वाद सुरू झाला. “किडनी बदललेल्यांना लस बाधते,” असे कोणी मराठीत सांगितले, कोणी कन्नडमध्ये. मामा तीन महिने थांबले. शेवटी लस घेतली, आणि महिन्याभरात क्रिएटिनिन १.३ वरून १.९ वर गेले. “बघा, आम्ही सांगत नव्हतो?”

खरे कारण मामींना सापडले. डब्यात गोळ्या जास्त उरल्या होत्या. या गोळ्यांमुळे लस लागू पडत नाही असे ऐकून मामांनी त्या आपल्या मनाने निम्म्या केल्या होत्या! ऐकलेले अर्धे खरे होते. त्याच वर्षी अमेरिकेत अवयव-रोपण झालेल्या ६५८ जणांची तपासणी झाली. दोन मात्रांनंतरही ५४ टक्क्यांच्याच रक्तात प्रतिद्रव्ये आढळली. पण म्हणून गोळ्या कमी करणे म्हणजे शरीराला मूत्रपिंडावर मोकळे सोडणे. मामांना इस्पितळात दाखल करून बायॉप्सी केली, स्टेरॉइडची इंजेक्शने दिली. क्रिएटिनिन १.५ वर येऊन थांबले, १.३ वर परत गेले नाही.

मग लस अगदी निर्दोष का? तसेही नाही. लसीनंतर शरीराने मूत्रपिंड नाकारल्याच्या, लघवीतून प्रथिने जाऊ लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लशी रोपणानंतर सहसा देतच नाहीत. कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन त्या जातीच्या नव्हत्या. मात्र एकेक नोंद म्हणजे खतावणी नव्हे. मोठ्या गटांचा हिशेब मांडला तेव्हा लस घेतलेल्यांत नकाराचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. उलट २०२० साली कोरोनाने इस्पितळात दाखल झालेल्या रोपण-रुग्णांपैकी सुमारे पाचांत एक दगावला होता. ‘नंतर’ हा शब्द आमच्या दोन्ही भाषांत एकच आहे, आणि दोन्हीकडे लोक त्याचा अर्थ ‘मुळे’ असाच घेतात.

माझा राग लसीवर नाही, अफवा पसरवणाऱ्यांवरही फारसा नाही. मामांनी सही केली तो कागद इंग्रजीत होता. मामा मराठी वाचतात, कन्नड बोलतात. इंग्रजीत फक्त सही करतात. लसीपूर्वी आणि नंतर क्रिएटिनिन तपासा, घरच्या सर्वांनी लस घ्या, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी कमी करू नका: एवढ्या तीन ओळी मराठी आणि कन्नडमध्ये छापायला किती खर्च येतो? झेरॉक्सच्या दुकानात मी चौकशी केली. हजार प्रतींचा खर्च मामांच्या त्या एका बायॉप्सीच्या बिलाहून कमी आहे.

यंदा मामांनी फ्लूची लस घेतली. आदल्या दिवशी क्रिएटिनिन १.५, महिन्याने १.५. गोळ्या आता रोज रात्री आजी मोजते.